चौथा भिडू

उपवासकाळातला शुक्रवार होता. क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपली होती आणि माणसे अंगणात बोलत उभी होती. इतक्यात कुंपणाजवळच्या कडुनिंबाखालून एक आरोळी उठली, "चिकन डिनर!" आठ-दहा मुले एका मोबाईलभोवती डोक्याला डोके लावून बसली होती आणि मधला एक जण हात उंचावून नाचत होता. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई, ज्यांचा शुक्रवार गेल्या साठ वर्षांत एकदाही मोडला नसेल, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फादर, निदान आज तरी पोरांनी हे खायला नको हुतं." मी चौकशी केली. खाल्ले कोणीच काही नव्हते. शंभर जणांना एका बेटावर उतरवणारा एक खेळ आहे. त्यात जो शेवटपर्यंत जिवंत राहतो त्याच्या पडद्यावर ही अक्षरे उमटतात, एवढाच त्या आरोळीचा अर्थ. बाईंना मी तसे समजावून सांगितले. त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, "नव्व्याण्णव मेल्यावर एकट्यानं जेवायचं व्हय?" आणि घराकडे चालू लागल्या.

वाचकहो, व्हिडिओ गेम या विषयावर एखाद्या धर्मगुरूने लेखणी उचलली की पुढे काय येणार, याचा अंदाज आपणांस आधीच असतो. विटीदांडू गेला, सूरपारंब्या गेल्या, मैदाने ओस पडली, मुलांच्या डोळ्यांना चष्मे लागले. हे प्रवचन मीही अनेकदा केले आहे आणि त्यातील चष्म्यांचा भाग खोटाही नाही. मात्र ते करताना मी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरत असे. श्रीरामपूरकडच्या आमच्या खेड्यात आम्ही गोट्या खेळत असू, तेव्हा हरलेली गोटी परत मिळत नसे. आणि सगळ्या गोट्या हरल्यावर नव्या आणण्यासाठी मी वडिलांच्या सदऱ्यातून एकदा चार आणे चोरले होते. पुढे पुण्याला सेमिनरीत शिकत असताना रविवारच्या फेरफटक्यात एका पार्लरमध्ये रुपयाचे नाणे टाकून पडद्यावरची मोटार पळवली, ती तीन वळणांत दरीत कोसळली, आणि दुसरे नाणे टाकण्याचा मोह मला कसा आवरावा लागला हे अजून आठवते. दुसरे नाणे टाकले नाही याचे श्रेय माझ्या संयमाला देता येणार नाही. खिशात दुसरे नाणे नव्हते.

जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाला खेटून असलेला दुष्काळी तालुका. पाणी इकडे उशिरा पोचले, आणि मोबाईलही. पण मोबाईल आला तो एकदम आला. सप्टेंबर २०१६मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त झाले. मग २०२०च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, आणि ज्या घरी म्हैस घ्यायचे घाटत होते त्या घरी मुलाच्या शिक्षणासाठी मोबाईल आला. शाळा पुन्हा उघडल्या, तरी मोबाईल मुलाच्याच हाती राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने 'पब्जी'वर बंदी घातली. २०२१मध्ये तोच खेळ नाव पालटून परत आला, २०२२च्या जुलैत पुन्हा दुकानातून काढला गेला आणि २०२३मध्ये पुन्हा अवतरला. 'फ्री फायर'वर फेब्रुवारी २०२२मध्ये बंदी आली, पण त्याची थोरली आवृत्ती 'फ्री फायर मॅक्स' राहिली. एक दार लागले की मुले दुसऱ्या दाराने आत. या दोहोंत आमच्याकडे चालतो तो विशेषकरून दुसरा. कारण साधे आहे. त्याला महागडा मोबाईल लागत नाही, बेटावर शंभराऐवजी पन्नासच जण उतरतात आणि डाव दहा-बारा मिनिटांत निकाली निघतो. म्हणजे आईने पाणी आणायला हाक मारेपर्यंत एक होतोच.

अशा दिवसांत, ऑगस्ट २०२२मध्ये, एक बातमी वाचनात आली. आमच्याच जिल्ह्यात, पण वरच्या उसाच्या हिरव्या पट्ट्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजारांची. त्या गावाने ग्रामसभेत ठराव केला आणि स्वातंत्र्यदिनापासून तो अमलात आणला. रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा, प्रत्येक घराने दूरदर्शनसंच बंद करावा, मोबाईल बाजूला ठेवावेत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. आणि साडेआठला दुसरा भोंगा वाजला की मोकळीक. बातमी देशभर गाजली, परदेशी वृत्तसंस्थांनीही तिची दखल घेतली. मला ती फारच भावली. भोंगा म्हणजे अखेर घंटाच, आणि घंटा वाजवणे हा तर माझ्या व्यवसायाचा भाग! आमची आंजेलुसची सायंकाळची घंटा सातलाच होते. पावसाळा सरता सरता एका रविवारी मी घोषणा करून टाकली की, यापुढे सातची घंटा झाली की कॅथोलिक घरांतील मोबाईल कपाटावर, ते साडेआठपर्यंत. जतला आमची घरे ती किती! महिनाभरात शिस्त बसली. मी घरभेटीला जाई तेव्हा मुले पुस्तके उघडून बसलेली दिसत. काही पुस्तके उलटी धरलेली होती, तिकडे मी काणाडोळा करीत असे.

दीड महिन्याने एक बाई सकाळी भेटावयास आल्या. नवरा नाही, शेत आहे पण कोरडवाहू, दोन मुलगे. थोरला गलाईच्या कामावर कोइमतूरला. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा. खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, तासगाव या कमी पावसाच्या टापूतील माणसे त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरली आहेत, आणि त्यांच्या मागोमाग आमच्याकडचीही काही मुले जातात. धाकटा तेव्हा आठवीत, माझ्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात. बाई खाली बघून म्हणाल्या, "फादर, तुमचं सगळं खरं हाय. पन आमच्या थोरल्याला साडेसात ते सव्वाआठ एवढीच सवड मिळती. तेवढ्यात ते दोघं त्यो गेम खेळत्यात. आता म्हैना झाला, घरात त्याचा आवाज न्हाई."

मी म्हणालो, "मग फोन करून बोला ना. बोलण्याला मी कुठे बंदी केली आहे?"

"फोनवर ते काय बोलंना झालेत. 'जेवलास का, जेवलो, ठेवू का', संपलं."

बाई गेल्या. मला त्यांचे म्हणणे पटले नाही. खरे सांगायचे तर मला रागच आला. इतकी चांगली योजना आणि तिला नेमके असे एखादे घर आडवे येते! आठ दिवस मी ते मनातून काढून टाकण्याचा प्रयत्न केला, आणि नवव्या दिवशी, साडेसातला पाच मिनिटे कमी असताना, त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. धाकट्याला म्हटले, "घे कपाटावरून. मला बघायचे आहे."

त्या पाऊण तासात मी जे पाहिले, त्याहून अधिक ऐकले. पडद्यावर इवलीशी माणसे विमानातून उड्या घेत होती, घरांत शिरून बंदुका शोधत होती, आणि खेळाचे क्षेत्र आक्रसत आणणारे एक वर्तुळ सर्वांना हळूहळू एकमेकांच्या अंगावर ढकलत होते. पण कानांत चालले होते ते निराळेच. चौघांची टोळी, त्यांतील दोघे अनोळखी, कुठल्याशा उत्तरेकडच्या गावचे. त्यांच्याशी हिंदी, भावाशी मराठी, आणि गोळी लागली की तोंडून निघे ते शुद्ध सीमाभागातले कानडी, ज्याचा अर्थ मला विचारू नये अशी त्या मुलाची मुद्रा होती. आणि या धुमश्चक्रीच्या फटींतून: "डावीकडं, डावीकडं बघ... आईचा गुडघा कसा हाय?... झाडामागं एक हाय... मालकानं पगार वाढवला, आईला सांगू नको आत्ताच... घे, माझी औषधपेटी घे, मी खाली बसतो... गणिताचा पेपर किती आला?" धाकटा उत्तरे देत होता. गणितात तो नापास झाला होता. ही गोष्ट त्याने आईला सांगितली नव्हती, मलाही नव्हती, पडद्यावर नजर ठेवून ती त्याने भावाला सांगितली, आणि कोइमतूरहून उत्तर आले, "असू दे. उजवीकडनं ये, मी हाय मागं."

दुसऱ्या दिवशी मी माझी घोषणा मागे घेतली नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता. मात्र त्या घरापुरती घंटा साडेआठला होते, असे बाईंना सांगून आलो. वडगावचा भोंगा चुकीचा आहे असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. तो गावाने एकत्र बसून, आपली घरे ओळखून लावलेला होता. माझी घंटा मी एकट्याने, वर्तमानपत्र वाचून लावली होती.

त्यानंतर मला एक सवय जडली. घरभेटीला गेलो की प्रकृती, शेती, शिक्षण यांच्या चौकशीसोबत मी विचारू लागलो, "सध्या काय खेळता?" पहिल्यांदा लोक दचकत. पापाची यादी मागितल्यासारखे. हळूहळू बोलू लागले. टाळेबंदीपासून घरोघरी 'लुडो किंग' आहे. हा खेळ नवी मुंबईच्या कंपनीने २०१६मध्ये काढला आणि २०२०मध्ये माणसे घरात कोंडली गेली तेव्हा त्याला उधाण आले. आमच्याकडचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी रोज रात्री जेवणानंतर मस्कतच्या मुलीबरोबर एक डाव टाकतात. सोंगटी मारली म्हणून गुरुजी मुलीशी दोन दिवस बोलले नव्हते, ही तक्रार बाईंनी माझ्यापुढे मांडली. मी गुरुजींना म्हटले की, 'लुडो' हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ एवढाच, 'मी खेळतो'. 'मी जिंकतो' असा नव्हे. सेमिनरीत घोकलेल्या लॅटिन क्रियापदांचा इतका थेट उपयोग मला पस्तीस वर्षांत दुसरा झाला नाही. मुळात आपल्याच पचिसीचा पट इंग्रजांनी उचलला, सोपा केला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला हे लॅटिन नाव दिले, आणि तोच आता मस्कतमार्गे जतला परत आला आहे.

दुसऱ्या गावच्या मठातील एका सिस्टरांनी मला अगदी हळू आवाजात सांगितले की, त्या 'कँडी क्रश'च्या तेराशेव्या पायरीवर आहेत. पण फक्त एस.टी.त बसल्यावर. माडग्याळकडे, जिथली उंच, बाकदार नाकाची मेंढरे प्रसिद्ध आहेत, एक मेंढपाळ मुलगा बाभळीच्या सावलीत मोबाईलवर क्रिकेट खेळताना भेटला; मेंढरे चुकली तर, असे विचारल्यावर म्हणाला, "ओव्हर संपली की बघतोय की!" पुण्याला अभियांत्रिकी शिकणारा आमचा एक विद्यार्थी सुटीत लॅपटॉप घेऊन आला, त्याने मला 'राजी' नावाचा खेळ दाखवला. तो पुण्यातच तयार झाला आणि २०२०मध्ये जगभर विकला गेला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाचा माग काढीत निघते, अशी त्याची कथा. चित्रे पाहून मी थक्क झालो. जतमध्ये तो दुसरे कोणी खेळत असेल असे वाटत नाही. त्याला लागणारे यंत्र इथे कोणाकडे आहे?

आणि बुद्धिबळ. हे मला अनपेक्षित होते, वास्तविक तसे असावयास नको. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे आयुष्यभर हा खेळ रुजवला आणि या जिल्ह्याचे नाव देशाच्या पटावर नेले. पण जतच्या मुलीला सांगलीला जाऊन खेळणे कोणत्या एस.टी.ने परवडणार? जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियात महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि त्या आठवड्यात आमच्या नववीतल्या एका मुलीने वडिलांच्या मोबाईलवर बुद्धिबळ उतरवून घेतले. ती आता रोज कोणा परदेशी माणसाशी खेळते. त्याचे नाव तिला उच्चारता येत नाही. तो मात्र तिला 'गुड गेम' लिहितो.

हे सर्व ऐकताना मला राहून राहून संत थॉमस अक्वायनस आठवत असत. तेराव्या शतकातील हा गंभीर, स्थूल, अबोल डोमिनिकन संन्यासी आपल्या महाग्रंथात एके ठिकाणी थांबतो आणि विचारतो, खेळात काही सद्‌गुण असू शकतो का? उत्तर देताना तो प्रेषित योहानाची जुनी कथा सांगतो. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असल्याचे पाहून काहींना ते खटकले. तेव्हा त्याने एका धनुर्धाऱ्याला एकामागून एक बाण सोडावयास सांगितले, आणि विचारले, हे अखंड करता येईल का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानाचे उत्तर. सेमिनरीत आम्हांला एवढाच भाग सांगितला गेला होता, कारण त्यानंतर फुटबॉलची वेळ असे. मूळ ग्रंथ काढून पाहिला तेव्हा ध्यानात आले की, थॉमस पुढे अटीही घालतो: खेळ कोणाला दुखापत करणारा नसावा, मनाचा तोल ढळू देणारा नसावा, आणि माणूस, वेळ व स्थळ यांना शोभणारा असावा. जो कधीच खेळत नाही आणि दुसऱ्याच्या खेळाचा विरस करतो, तोही चुकतो, असेही तो बजावतो. हे वाक्य मी दोनदा वाचले. सातची घंटा आठवली.

सप्टेंबर २०२५मध्ये पोप लिओ यांनी ज्याला संत घोषित केले तो कार्लो अकुतिस पंधराव्या वर्षी, २००६मध्ये, वारला. संगणकात रमणाऱ्या या मुलाने आपल्या व्हिडिओ गेमला आठवड्याचा एक तास नेमून दिला होता. आमच्या मुलांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "फादर, आठवड्याला एक तास, मग तो टीममध्ये कुणाला पायजे हुता?" हशा पिकला. प्रश्न मात्र विनोदी नव्हता. ज्या खेळात चौघांनी एका वेळी हजर राहावे लागते, तिथे एकाचा संयम म्हणजे तिघांचा खोळंबा, हे कार्लोच्या काळी इतके नव्हते.

आता ज्याविषयी लिहिताना हात जड होतो, ते थोडक्यात लिहितो. २०२४च्या उन्हाळ्यात एक तरुण रात्री दहाला निवासाच्या दारात आला. (त्याने जे सांगितले ते पापनिवेदनात नव्हे, अंगणातल्या बाजेवर सांगितले, आणि येथे लिहिण्याची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे.) त्याच्या मोबाईलमध्ये पत्त्यांचा एक खेळ होता, रमीचा. आरंभी पन्नास रुपयांचे डाव, दोनदा जिंकला. मग हरलेले भरून काढण्यासाठी खेळला. बेदाण्याचे आलेले पैसे गेले, मग बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले, मग उसने आणलेले. "फादर, समोर मानूसच नव्हता," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "समोर कोन असता तर म्हनला असता, बास कर लेका." गावच्या पारावरच्या जुगाऱ्याला हाताला धरून उठवणारे कोणी ना कोणी असते. इथे उठवणारे कोणी नव्हते, आणि बसवणाऱ्या जाहिराती मात्र नामवंत चेहऱ्यांच्या होत्या. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांना, ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, मनाई केली. त्यांची जाहिरात आणि त्यांसाठीची बँकेची देवघेवही गुन्हा ठरवली. शिक्षा खेळणाऱ्याला नव्हे, खेळवणाऱ्याला ठेवली. त्याच आठवड्यात मोठमोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले. कायद्याची बातमी मी त्या तरुणाला फोन करून सांगितली. तो आता कारखान्याच्या ट्रॅक्टरवर आहे, कर्ज निम्मे फिटले आहे. म्हणाला, "वरीसभर आदी का न्हाई केला?" बहिणीचे लग्न अजून व्हायचे आहे.

गेल्या नाताळात कोइमतूरचा थोरला आठ दिवसांसाठी घरी आला. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर दुसऱ्या दिवशी बाईंनी मला जेवायला बोलावले. धाकटा आता अकरावीत आहे, ओठांवर मिसरूड फुटली आहे. दोघे भाऊ भिंतीला टेकून बसले होते, मध्ये हातभर अंतर, आणि बोलत काहीच नव्हते. थोरला छताकडे पाहत होता. बाई चुलीपुढून माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांची नजर मला कळत होती. जेवणे झाली. अखेर थोरल्यानेच खिशातून मोबाईल काढला. धाकट्याने आपला काढला. शेजारच्या एका मुलाला हाक गेली, तो आपला घेऊन धावत आला. तिघे एकमेकांना खेटून बसले आणि पाहता पाहता खोलीत आवाज भरला.

"एक कमी हाय," धाकटा म्हणाला. "बाहेरचा घ्यायचा का?" मग त्याची नजर माझ्याकडे वळली. "फादर, बसता का? चौथा भिडू पायजे."

बाईंनी आपला मोबाईल माझ्यापुढे केला. त्यांच्या मोबाईलमध्येही तो खेळ होता, आणि वापरात होता, हे मला तेव्हा कळले. थोरल्याने दोन मिनिटांत कोणत्या बोटाने चालायचे आणि कोणत्या बोटाने वाकायचे ते शिकवले. विमानातून मी उडी घेतली. खाली एक नदी होती, पलीकडे पिवळी घरे, झाडी. जागा मोठी सुंदर होती, आणि मी ती पाहत उभा राहिलो.

"फादर, पळा! पळा की!" तिघेही एकदम ओरडले. "मागं हाय त्यो!"

मागे वळेपर्यंत पडदा तांबडा झाला होता. बाईंनी हात पुढे केला, माझ्याकडून मोबाईल घेतला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "सरका जरा."

मी सरकलो.